अर्धी रिंग

७ ऑक्टोबर

टेलिफोनच्या वायरीने ज्यांना आयुष्यभर भिंतीशी बांधून ठेवलं, अशा माझ्या सर्व बंधूंनो आणि भगिनींनो,

ही दैनंदिनी आहे, सभा नाही, हे मला कळतं. पण छापखाना कामगारांच्या सभांमध्ये ज्याचं आयुष्य गेलं, त्याची लेखणी समोर श्रोते असल्याशिवाय हलत नाही. तेव्हा बसा. तुमची आणि माझी तक्रार एकच आहे. माणसाने आपल्या आयुष्यातलं सगळ्यात महत्त्वाचं बोलणं कुठे उभं राहून करायचं? तर पॅसेजमध्ये, चपलांच्या कपाटाशेजारी, हातभर वेटोळ्या वायरीला लटकून. पाठ फिरवायची सोय नाही. खुर्ची ओढावी तर दार अडतं. आपण काय बोलायचं हे मालक ठरवत नाही, पण कुठे बोलायचं हे एक खिळा ठरवतो. हे आपण मुकाट सहन केलं.

आज मी ते संपवलं. कॉर्डलेस फोन आणला. एक बेस आणि दोन हँडसेट.

निमित्त हिचं झालं. ही म्हणजे माझी पत्नी. उन्हाळ्यात बाथरूममध्ये पाय घसरून हिच्या खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून ती मागच्या खोलीत पलंगावर असते. हिची धाकटी बहीण दुपारची जेवणं आटोपली की फोन करते, आणि पॅसेज ते मागची खोली असे निरोप मी वाहायचे. "ताईने औषध घेतलं का विचारा." "घेतलं म्हणावं." "उशी उंच देताय ना?" "देतात म्हणावं." मालकांना टेबलाशी बसवून घाम फोडणारा मी दोन बहिणींचा पोस्टमन झालो होतो.

खोकं उघडलं. बेस माझ्या पुढच्या खोलीतल्या टेबलावर ठेवला, भिंतीतली वायर त्यात खुपसली, बॅटऱ्या घातल्या. आतून ही म्हणाली, "अहो, पहिल्यांदा दिवसभर चार्जिंगला ठेवायचे असतात हँडसेट. पुस्तिकेत लिहिलं असेल बघा."

मी म्हटलं, "मी ग्रंथ वाचतो, पुस्तिका नाही."

"मग मला द्या ती. पडल्यापडल्या वाचते."

दिली. तेवढाच तिचा वेळ जाईल.

संध्याकाळी दोन्ही हँडसेट मेले. आता स्टँडमध्ये उभे आहेत, लाल दिवा लावून.

९ ऑक्टोबर

दुसरा हँडसेट हिच्या हातात दिला. हिरवं बटण म्हणजे घ्यायचं, लाल म्हणजे ठेवायचं, मधलं दाबलं की इंटरकॉमवर माझ्याशी बोलता येतं, असं सावकाश समजावून सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आणखी काही, सर?"

ही लग्नाआधी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. बोर्डासमोर बसून लोकांच्या लाइनी जोडून द्यायची. तिथल्या मुलींना सर म्हणायची सवय लागते. मी तिला त्या गुलामीतून बाहेर काढलं, लग्नानंतर पहिल्याच महिन्यात राजीनामा द्यायला लावला. त्याबद्दल ती कधी काही बोलली नाही. काही माणसांना उपकार शब्दांत मांडता येत नाहीत.

दुपारी धाकटीचा फोन आला. हिने घेतला आणि म्हणाली, "बोला." हॅलो नाही, कोण नाही, बोला. इतक्या वर्षांनी तो आवाज कुठून काढला कोण जाणे. मग दोघी हसत सुटल्या. मला माझ्या टेबलापर्यंत ऐकू येत होतं.

ह्या फोनला उत्तर देणारं यंत्रही आहे. आपण घरी नसलो तर ते आपल्या आवाजात बोलतं आणि निरोप टिपतं. मी माझं निवेदन भरलं. विषय होता दुसऱ्याच्या वेळेचा आदर. जरा लांबलं, पण कुठेही पकड सुटलेली नाही.

१५ ऑक्टोबर

माझ्या आयुष्यातली एक गोष्ट राहिली आहे, आणि ती इथे लिहायला मला लाज वाटत नाही. छापखाना कामगारांच्या परिषदेचं अध्यक्षपद. ह्या वर्षी ते माझ्याकडे येणार, असं आतल्या गोटातून कळलं आहे. नाहीतर पोपट आहेच. आम्ही त्याला पोपट म्हणतो, कारण माझीच वाक्यं तो माझ्यानंतर बोलतो आणि टाळ्या घेतो. आमच्यात अध्यक्षपद मागायचं नसतं. चिटणीस फोन करतो, "याल ना?" म्हणतो, आणि आपण क्षणभर थांबून "येतो" म्हणायचं. आपणहून फोन केला तो संपला. फोन लागला नाही तर पुढच्या नावाला करतात. ही आमची रीत आहे आणि ती मीच घालून दिली आहे.

आज चौकात चिटणीस भेटला. म्हणाला, "साहेब, नवा फोन घेतला म्हणे. दुपारभर एंगेज असतो तो."



घरी येऊन पुढचा हँडसेट उचलला. दोघी चालूच होत्या. धाकटी खोकत होती. मध्येच दम खायला थांबत होती आणि ही गप्प राहून वाट बघत होती. मग धाकटी म्हणाली, "ताई, डॉक्टर आता नवीन काही बोलत नाहीत गं. तुझा आवाज ऐकला की तेवढी दुपार बरी जाते." ह्या बाईला लहानपणापासून नाटकाची हौस आहे. आमच्या लग्नातही तिला ताप आला होता.

१६ ऑक्टोबर

बंधूंनो, निर्णय घेणारा माणूस एकटा असतो.

मी धाकटीचा नंबर यंत्रात अडवून टाकला. दुकानदाराने करून दाखवलं होतं: यादीत जायचं, नंबर निवडायचा, अडवा म्हणायचं, कोड मारायचा. बाहेर जाणाऱ्या फोनलाही कुलूप घातलं, म्हणजे ही तिकडे लावत बसणार नाही. कोड असा ठेवला आहे की कुणाच्या बापाला सुचणार नाही: आमच्या मोठ्या संपाचं साल. त्या सभेचा माझा फोटो हिच्या पलंगासमोर लावला आहे, हात उंच केलेला, खाली साल छापलेलं. मला बघितलं की तिला उभारी येते.

हे काही कायमचं नाही. चिटणिसाचा फोन येईपर्यंत. आणि हिलाही विश्रांती हवीच आहे.

१८ ऑक्टोबर

काल दुपारी जेवणानंतर फोन अर्धाच वाजला. एक रिंग सुरू झाली आणि मध्येच तुटली. आज त्याच सुमाराला पुन्हा तसंच. इंटरकॉमवर ही म्हणाली, "अहो, कोण होतं?"

"कोणी नाही. लाइनमधला दोष असेल."

"धाकटीचा फोन नाही आला दोन दिवस. मी लावून बघितला तर लागतच नाही."

"तिचाही बिघडला असेल."

 ती म्हणाली, "ही तुटलेली रिंग नाही वाटत. तोडलेली वाटते. बोर्डावर बसलं की दोन्हींतला फरक कानाला कळायचा."

मी तिला समजावलं की ते बोर्ड आता भंगारात गेले. आजचं यंत्र अडवायचं म्हटलं की पूर्ण अडवतं, त्याला भीडमुर्वत नसते, ते अर्धवट काही करत नाही. हे बोलताना आपण नको ते बोलून गेलो असं वाटलं, पण तिच्या लक्षात आलं नसावं. तिने फोन ठेवला.

२१ ऑक्टोबर

फिरून आलो तर निरोपाचा दिवा लुकलुकत होता.  बटण दाबलं. आधी माझं निवेदन, आणि ते संपल्यावर एका घोगऱ्या बाईचा आवाज: "मी शेजारच्यांच्या फोनवरून... भावजी, एवढं बोलत नका जाऊ हो, माझा दम... ताईला म्हणावं, मी..." आणि टूं. जागा संपली.

धाकटीच ती. एक वाट अडवली की ही दुसरी काढते. निरोप पुसून टाकला. निवेदन ऐकताना जाणवलं की शेवटचा परिच्छेद आणखी चढवता येईल. तो नव्याने भरला.

अर्धी रिंग चालूच आहे. न चुकता, दुपारीच. ती वाजली की ही हातातलं काम थांबवते. हिच्यासाठी ठेवलेल्या नर्सबाई सांगत होत्या की त्या वेळी हिला भरवायला गेलं तर ही मान वळवते आणि हँडसेट छातीवर ठेवून पडते. मी विचारलं, "काय गं, काय ऐकतेस?"

"काही नाही. आहे, एवढं कळतं."

"काय आहे?"

"लाइनमधला दोष," ती म्हणाली.

२५ ऑक्टोबर

दोषाची तक्रार नोंदवली होती, म्हणून आज सकाळी लाइनमन आला. शिडी लावली, खांबावरचा डबा उघडला, काहीतरी खरवडलं, पुन्हा बंद केला. मी खाली उभा राहून त्याला श्रमाच्या प्रतिष्ठेबद्दल चार शब्द सांगितले. तो म्हणाला, "शिडी धरता का जरा?"

आणि काय सांगू, आज दुपारी रिंग वाजली नाही. पूर्ण शांतता. ह्याला म्हणतात हाताचा गुण.

संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. मी घाईने उचलला, क्षणभर थांबलो, मग भारदस्त आवाजात "बोलतोय" म्हटलं.

"काका, मी." धाकटीचा मुलगा. "मावशीला द्या."

"ती झोपली आहे. मला सांग."

"आई गेली. सकाळी."

मी योग्य ते बोललो.

"रोज दुपारी ती तुमचा नंबर फिरवायची," तो म्हणाला. "फिरवायची, ठेवायची, पुन्हा उशीवर पडायची. आम्ही म्हणायचो राहू दे, तर म्हणायची, वाजतोय ना, मग ताई आहे. उद्या सकाळी नेणार आहोत. मावशीसाठी गाडी पाठवू का? आडवं झोपवून आणू, काही त्रास होणार नाही."

मी म्हटलं, "तिचं हाड आत्ता कुठे जुळतंय. डॉक्टरांनी धक्का द्यायला बंदी केली आहे." डॉक्टर असं म्हणाले नव्हते, पण विचारलं असतं तर म्हणाले असते.

"तिला सांगा तरी."

"योग्य वेळी सांगेन."

२६ ऑक्टोबर

दुःखाची बातमी देणं ही एक कला आहे. मी शोकसभा गाजवल्या आहेत, मला ठाऊक आहे. श्रोत्याची तयारी असावी लागते. हिची तयारी नाही. शिवाय बातमी कळली की माणसं येणार, घर भरणार, फोन सतत कुणाच्या तरी कानाला असणार, आणि नेमकं तेव्हाच चिटणीस... परिषद झाली की मी स्वतः तिच्याजवळ बसून सांगेन. दोन दिवस त्यालाच देईन.

दुपारी इंटरकॉम वाजला.

"आज ती अर्धी रिंग आली नाही."

"लाइनमन येऊन गेला ना. दुरुस्त झाली."

"कालही नव्हती आली."

"कालच दुरुस्त झाली."

 मला तिचा श्वास ऐकू येत होता. मग म्हणाली, "अहो, तुमच्या फोटोखालचं साल दिसत नाही इथून. चष्मा लावूनही पुसट दिसतं. कोणतं हो ते?"

माझा ऊर भरून आला. इतक्या वर्षांच्या संसारात हिने पहिल्यांदा संपाबद्दल काही विचारलं. मी साल सांगितलं आणि त्यानिमित्ताने त्या दिवसाची सगळी हकीकतही सांगितली, पावसासारखे पडणारे दगड, माझं टेबलावर चढणं, सगळं. बोलून झाल्यावर कळलं की तिने फोन कधीच ठेवला होता. थकते बिचारी.

२९ ऑक्टोबर

परवा फिरून आलो तर बेसवरचा हिरवा दिवा लागलेला होता. म्हणजे लाइन वापरात. मी आत गेलो, तर हँडसेट तिच्या कुशीत, आणि ती छताकडे बघत. चुकून बटण दाबलं गेलं असणार. बाहेर फोन जाऊच शकत नाही, मी कुलूप घातलं आहे.

नर्सबाई मात्र विचित्र बोलल्या. "बाई कुणाशी तरी बोलत होत्या. बोलत कसल्या, ऐकतच होत्या. मग म्हणाल्या, तिचा हात कुणाच्या हातात होता? मग फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, केस नीट विंचरून दे."

"झोपेत बडबडली असेल."

"डोळे उघडे होते," नर्सबाई म्हणाल्या. ह्या बायकांना घरच्यांना घाबरवण्यात मजा वाटते.

२ नोव्हेंबर

हिच्यात मोठा फरक पडला आहे. आता धाकटीचं नाव काढत नाही. वेळेवर जेवते. आणि माझ्या कामात लक्ष घालायला लागली आहे, हे तर मी स्वप्नातही पाहिलं नव्हतं.

आज चहा घेताना म्हणाली, "तुमच्या अध्यक्षपदाचा फोन कोण करणार?"

"चिटणीस."

"घरून की ऑफिसातून?"

"ऑफिसातूनच. अधिकृत असतो तो."

"नंबर काय ऑफिसचा? तुम्ही फिरायला गेलात आणि आला, तर मला कळायला हवा. नाहीतर मी चुकून भलत्याच माणसाला तोडायची."

बंधूंनो, सहजीवन म्हणतात ते हे. मी नंबर दोनदा सांगितला. तिने तो परत म्हणून दाखवला, एकेक आकडा सुटा, ऑपरेटर म्हणतात तसा. एकदाही चुकली नाही.

"फार महत्त्वाचा आहे ना तो फोन?" तिने विचारलं.

"माझ्या आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा."

"हो," ती म्हणाली. "एखादाच असतो तसा."

५ नोव्हेंबर

तो दोष परत आला आहे.

आता दुपारी नाही, संध्याकाळी, ऑफिसं सुटायच्या सुमाराला. एक रिंग सुरू होते आणि मध्येच तुटते. आज तीनदा झालं. मी हँडसेट हातातच धरून बसलो होतो, झडप घातली, तरी कानाला लागेपर्यंत नुसती घूं.

आत जाऊन विचारलं, "तू बटण दाबलंस का?"

तिने दोन्ही हात पांघरुणाबाहेर काढून दाखवले. हँडसेट स्टँडमध्ये होता. "लाइनमधला दोष असेल," ती म्हणाली.

लाइनमनला कळवलं. म्हणतो, लाइन स्वच्छ आहे, तुमचं यंत्र बघा. यंत्र बघायला गेलो तर कोड चालेना. संपाचं साल मारलं, नाही म्हणतं. पुन्हा मारलं, नाही. कारखान्यातून येतानाच सडलेली आहेत ही यंत्रं. इतिहास विसरणाऱ्या समाजात यंत्रांनी तरी का लक्षात ठेवावा?

"पुस्तिका कुठे आहे?" मी विचारलं.

"ती होय," ती म्हणाली. "रद्दीत गेली. तुम्ही ग्रंथ वाचता ना."

८ नोव्हेंबर

फिरायला जाणं बंद केलं आहे. जेवणही टेबलावरच, बेससमोर. रोज संध्याकाळी ती अर्धी रिंग येते आणि माझं काळीज उडी मारून खाली पडतं. एवढ्याशा आवाजात माणूस इतका खिळून बसतो, हे मला ठाऊक नव्हतं. चिटणिसाला आपणहून फोन करावा असं दोनदा मनात आलं. नाही. जे मी दुसऱ्यांना करू दिलं नाही, ते मी करणार नाही.

हल्ली संध्याकाळ झाली की ही नर्सबाईंना सांगून पलंगाची मान वर करून घेते आणि दार सताड उघडं ठेवायला लावते. तिथून तिला मी दिसतो. पाठमोरा, फोनसमोर. आज रिंग तुटल्यावर मी वळून पाहिलं, तर ती डोळ्याची पापणी न हलवता माझ्याकडेच बघत होती. मी म्हटलं, "बघितलंस? पुन्हा."

"आहे, एवढं कळतं ना," ती म्हणाली. "तेवढ्यावर माणूस दिवस काढतो."

मला बरं वाटलं. धीर द्यायला घरात कुणीतरी आहे.

१० नोव्हेंबर

काल संध्याकाळी रिंग आली नाही. अर्धीसुद्धा नाही. अंधार पडेपर्यंत बसलो.

आज सकाळी वर्तमानपत्रात आतल्या पानावर, खाली, चौकट आहे. परिषदेच्या अध्यक्षपदी पोपट. चिटणिसाचं निवेदन असं की एका ज्येष्ठ वक्त्यांशी सलग काही दिवस संपर्क साधला, त्यांच्याकडे फोन वाजतो आणि तोडला जातो, त्यांची इच्छा नसावी असं समजून समितीने पुढच्या नावाचा विचार केला.

तोडला जातो. मी तोडतो, असं ते छापतात. ज्याच्यापुढे कधी एक माणूस उठून गेला नाही, त्याच्याबद्दल.

पेपर घेऊन आत गेलो. हिला वाचून दाखवला.  ती शांतपणे ऐकत होती. केस नीट विंचरलेले, हँडसेट मांडीवर पालथा. वाचून झालं तेव्हा म्हणाली, "आणि कालपासून ती रिंगही नाही ना?"

"नाही."

"बघा," ती म्हणाली. "दुरुस्त झाली लाइन."

मी तिथेच उभा राहिलो. समोर माझा हात उंच केलेला फोटो. धाकटीचं सांगायचं होतं परिषद झाल्यावर, पण आज तिची तयारी आहे असं वाटलं नाही. आणि आज मला सांत्वन हवं आहे, द्यायचं नाही.

आता पुढच्या खोलीत येऊन बसलो आहे. निवेदन यंत्रात आहे, दोन्ही हँडसेट पूर्ण चार्ज आहेत, स्टँडमधले लाल दिवे विझले आहेत. मागे पलंगाची मान वर केल्याचा आवाज आला. दार उघडं आहे.

माझ्या बंधूंनो, भगिनींनो, माझ्या शब्दावर ज्यांनी छपाईचे खिळे-ठसे खाली ठेवले आणि यंत्रं थांबवली, त्या सगळ्यांनो. तुमच्याकडून मी कधी काही मागितलं नाही. आज एकच मागतो. माझा नंबर तुमच्याकडे आहे. आज संध्याकाळी, ऑफिसं सुटायच्या सुमाराला, मला फोन करा, आणि रिंग पूर्ण वाजू द्या.